आमेनच्या आधी

"बुबू, आज प्रार्थना छोटीशीच कर हं," मुकादम एपेली अकानिसीआजीच्या कानाशी लागला. "आणि साहेबांनी काय बजावलंय, आहे ना लक्षात? पाहुणीशी कुणी अवाक्षर बोलायचं नाही."

"मी कशाला पाहुणीशी बोलू, पोरा?" अकानिसी म्हणाली. "मला तर देवाशी बोलायला उभं केलंय."

लाउतोका बंदरातल्या त्या कारखान्यात शंभरेक बाया परदेशातल्या कंपनीचे शर्ट शिवत. कामगार सुखरूप आहेत की नाहीत, ते बघायला आज त्या कंपनीची बाई विमानाने आली होती. शिलाईयंत्रं थांबवून सगळ्या मधल्या जागेत गोळा झाल्या होत्या. चार माणसं जमली की आधी प्रार्थना, ही बेटावरची रीत. आणि एकदा का प्रार्थना लागली, की आमेन होईपर्यंत कुणी डोळा उघडायचा नाही, मधे बोलायचं नाही, पाऊल हलवायचं नाही. कारखान्याचे गॉर्डनसाहेब परदेशी खरे, पण ही रीत ते ठेच लागून शिकले होते. पहिल्याच वर्षी त्यांनी भर प्रार्थनेत फोन घेतला आणि सगळ्या बाया दुपारपर्यंत हाताची घडी घालून बसून राहिल्या. तेव्हापासून सगळ्यांत घट्ट डोळे साहेबच मिटत. अकानिसीला आज त्यांनीच निवडलं होतं. म्हातारीचा गळा गोड, पाहुणी खूश होईल.

शेजारी उभ्या शिउकुमारीने तिला कोपराने ढोसलं. "जरा मोठ्यानं बोल गं. माझ्या रामजीलाही ऐकू जाऊ दे."

"ते दोघं एकाच गावचे. ऐकतील."

शिउकुमारीचा उजवा तळवा अजून नीट मिटत नव्हता. गेल्या महिन्यात इस्त्रीच्या टेबलांना आग लागली, धूर कोंडला, बाया मागच्या दाराकडे धावल्या, तर दाराला कुलूप. कापड चोरीला जाऊ नये म्हणून. तापल्या कुलपावर तिने हात आपटले होते. कुलूप तिथंच होतं. आज सकाळी त्याच्यापुढे खोक्यांची भिंतही रचून झाली होती.

अकानिसीने डोळे मिटले. रोज ती आपल्या बोलीत देवाला हाक मारी. आज तिने इंग्रजीत सुरुवात केली. एपेलीचा श्वास अडकलेला तिला स्पष्ट ऐकू आला.

"हे प्रभू, समुद्र दुभंगून तू आपल्या लेकरांना वाट दिलीस."

"विनाका, विनाका," बायांनी देवाचे आभार मानत साथ धरली.

"आमच्या इस्त्रीच्या टेबलांमागेही एक वाट आहे, प्रभू. आज खोकी आड आलीत, तुला कदाचित दिसायची नाही. खोक्यांमागे दार आहे, दाराला कुलूप आहे आणि किल्ली आमच्या साहेबांच्या कमरेला आहे. साहेबांना सांभाळ. भारी विसराळू आहेत. आग लागली तेव्हा किल्ली घेऊनच जेवायला गेले होते."

"विनाका!" आता आवाज चढला होता.

"पगाराचं गाऱ्हाणं मी तुला रविवारी सांगीन. ते लांबलचक आहे. आज फक्त दाराचं."

तेवढ्यात टाचांचा आवाज झाला. टक, टक. एकटीचाच. तो लांब लांब जाऊ लागला.

कोण हे? भर प्रार्थनेत कोण चालतंय? अकानिसीने साठ वर्षांत कधी प्रार्थनेत डोळा उघडला नव्हता. लहानपणी वाटायचं, सगळे डोळे मिटतात तेव्हा जग कसं दिसत असेल? आज राहवेना. तिने एक डोळा किलकिला केला.

शंभर माना खाली होत्या. साहेबांचे कान लालबुंद झाले होते. त्यांनी अर्धं पाऊल पुढे टाकलं, तोच बायांनी पुन्हा "विनाका" म्हटलं आणि पाऊल मुकाट्याने मागे आलं. पाहुणीची जागा मात्र रिकामी होती. बिचारीला बेटाची रीत ठाऊक नव्हती.

मागून खोकं सरकवल्याचा आवाज आला. मग दुसरं. मग तिसरं.

अकानिसीने डोळा मिटून घेतला. एपेली पुटपुटला, "बुबू, आमेन म्हण ना."

"आणि हे प्रभू," ती सावकाश म्हणाली, "आता माझ्या माहेरच्या गावाकडे वळते. तिथं एकवीस घरं आहेत."

मागे लोखंड खडखडलं. एकदा, दोनदा.

अकानिसीने पहिल्या घराचं नाव घेतलं.