आधी भावाकडे

दुसऱ्या मजल्यावर पोचता पोचता सलोमीबाईंच्या गुडघ्यांनी संप पुकारला. धाकट्या भावाचं, शामूचं घर चौथ्या मजल्यावर. आंबिवलीच्या या बिल्डिंगला लिफ्ट नाही, आणि जिना बांधणाऱ्याने म्हाताऱ्या बायकांचा विचार केलेला नाही. बाई तिथेच पायरीवर बसल्या. वर चढायचं त्राण नव्हतं आणि खाली उतरायचंही नव्हतं.

शेजारच्या दारातून ठमाबाई डोकावल्या. त्या इथल्या जुन्या. त्यांच्याच भातशेतीवर ही बिल्डिंग उभी आहे. सलोमीबाईंना त्या चेहऱ्याने ओळखत होत्या.

"काय गो बाय, परत आलीस? तुझा भाव काय दार उघरत नाय."

"नाही उघडत."

"मंग कंटाला नाय येत?"

"येतो हो. फार येतो. आज तर सकाळी उठावंसंच वाटत नव्हतं."

"मंग येतेस कशाला?"

"प्रभूने सांगितलंय म्हणून. मला काही हौस नाही."

"आमची एकवीरा आई पन पायऱ्या चरायला लावते," ठमाबाई म्हणाल्या, "पन वर गेलं का दर्शन तरी देते." तेवढ्यात त्यांच्या कुकरची शिट्टी झाली आणि त्या आत गेल्या.

अकरा वर्षांपूर्वी कल्याणच्या चर्चमध्ये, आईची शवपेटी समोर असताना, सलोमीबाई सगळ्यांदेखत धाकट्या भावावर ओरडल्या होत्या, "तू झोपलास म्हणून आई गेली!" तीन वर्षं अंथरुणाला खिळलेल्या आईचं सगळं शामूने एकट्याने केलं होतं. आणि बोल लावला तो महिन्यातून दोनदा फळं घेऊन येणाऱ्या बहिणीने. पुढे डॉक्टर म्हणाले, आई झोपेतच गेली असणार, कोणाच्या हातात काही नव्हतं. तोवर शामूने चर्च सोडलं होतं आणि बहिणीलाही.

महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन असतं, येशूच्या आठवणीत भाकर घ्यायचं. देवापुढे येताना आपला भाऊ आपल्यावर नाराज आहे हे आठवलं, तर आधी जाऊन त्याच्याशी समेट करावा, अशी येशूची शिकवण. बाकीची मंडळी ती ऐकतात आणि भाकर घ्यायला रांगेत उभी राहतात. सलोमीबाई उठतात, बाहेर येऊन चपला घालतात आणि आंबिवलीची शेअर रिक्षा पकडतात.

चौथ्या मजल्यावर बेल दाबायची. बंद दाराला सांगायचं, "शामू, मी खोटं बोलले. मला माफ कर." दहा मिनिटं थांबायचं आणि परत फिरायचं. लॉकडाऊनमध्ये प्रभुभोजन मोबाईलवर आलं, तेव्हा आवाज बंद करून त्या त्याच मोबाईलवरून शामूला फोन लावत बसायच्या. चर्चमधल्या बायका त्यांना हट्टी म्हणत. पाळकसाहेबांनीही एकदा समजावलं, "बाई, तुम्ही तुमच्याकडून केलंत. आता या भोजनाला."

"मला जा म्हणून सांगितलंय, साहेब. कितीदा, ते सांगितलेलं नाही."

अकरा वर्षं सलोमीबाई त्या भाकरीवाचून राहिल्या. रांगेतून परतणाऱ्यांचे निवांत चेहरे बघतच त्या चपला घालायच्या. आता तर डॉक्टरांनी जिने कायमचे बंद केले होते. आजचा एक चढू आणि संपवू, असं ठरवून त्या आल्या होत्या. तोही अर्ध्यावरच राहिला. त्या रडल्या, पदर तोंडात धरून, आवाज न करता.

वर कडी वाजली. मग सपाता जिना उतरू लागल्या. वळणावर शामू दिसला. केस पार पांढरे झालेले, अंगात इस्त्रीचा शर्ट. बहिणीला पाहून तो तीन पायऱ्या वरच थांबला.

"बारा वाजून गेले तरी बेल नाही वाजली. म्हटलं, ताईला काही झालं की काय."

सलोमीबाईंनी कठडा धरला, उठायचा प्रयत्न केला. जमलं नाही. बसल्या बसल्याच त्या म्हणाल्या, "शामू, मी खोटं बोल—"

"नको, ताई. ते नको बोलूस." तो खाली बसला. "तू माफी मागितलीस की मला घरातून पळून जावंसं वाटतं. मी झोपलो नव्हतो, ताई. आई हाका मारत होती आणि मी जागा होतो. रोज रात्री पाच-सहा वेळा उठायचो मी. त्या रात्री चादर डोक्यावर ओढून घेतली. आता सांग, कुठल्या तोंडाने दार उघडू?"

जिन्यात कोणाच्या तरी घरातल्या टीव्हीचा आवाज येत होता. सलोमीबाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

"किती वेळ हाका मारत होती?"

"बराच वेळ."

माफी मागायची त्यांची तयारी अकरा वर्षांची होती. माफ करायची त्यांनी एक दिवसही केली नव्हती. संताप उसळून आला. आपल्या आईने अंधारात हाका मारल्या, आणि हा ऐकत पडला. त्याच्या थोबाडीत मारावी असं त्यांना वाटलं. खाली जाणं त्यातल्या त्यात सोपं होतं. दोन जिने उतरले की गेट, आणि गेटबाहेर रिक्षा. आता कोणीही त्यांना निघून जा म्हटलं असतं.

"मला आत्ता तुझं तोंड बघवत नाही, शामू," त्या म्हणाल्या आणि हात पुढे केला. "धर. वर ने मला."