भिंतीवरची ओळ

सकाळी पुसलेली ओळ दुपारी परत आली होती.

कुणालीने लॅपटॉप मिटला, खर्डी स्टेशनवरून रिक्षा केली आणि तानसाजवळच्या आश्रमशाळेत येऊन थेट संगणकांच्या खोलीत शिरली. चपला काढायच्या राहिल्या.

"ही ओळ परत कोण लिहितं?"

"कुठली ओळ?" वंदनाबाईंनी वळून बघितलं. या खोलीची जबाबदारी त्यांच्याकडे होती. "पॅकेजची? मी लिवते ना. रोज सकाळी बघते तर गायब. म्हटलं कायतरी व्हायरस शिरला. घालते परत."

"मी काढत होते ती, बाई. घरून."

वंदनाबाई आधी हसल्या, मग कुणालीच्या चेहऱ्याकडे बघून थांबल्या. "म्हंजे इतके दिवस आपण दोघी एकमेकींशी भांडतोय? सरांची ओळ तुमीच काढाल, असं मनात पण नाय आलं ओ."

शहापूर-मुरबाडच्या आश्रमशाळांतले संगणक लिनक्सवर चालत. त्यांना लागणारी सगळी पॅकेजेस, म्हणजे सॉफ्टवेअरचे गठ्ठे, खर्डीला, कुणालीच्या वडिलांच्या, चांगो सरांच्या घरातल्या एका जुन्या मशीनवरून येत. सर गेले आणि पाठोपाठ त्या मशीनची डिस्क जायला लागली. कुणालीने शहापूरला नवा सर्व्हर उभा केला. पॅकेज कुठून घ्यायचं त्या पत्त्याची ओळ अ‍ॅन्सिबल नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये एकदाच लिहायची. मग ते प्रत्येक शाळेच्या संगणकात जाऊन जुना पत्ता काढतं, नवा घालतं. घरात भेटायला येणाऱ्यांची रीघ होती. ती आतल्या खोलीत बसून एकेक शाळा बदलत गेली. सगळ्या बदलल्या. ही एकच बदलून पुन्हा पहिल्यासारखी होत होती. आणि सोमवारी इथे मुलींची ऑनलाइन परीक्षा होती.

"परीक्षेचं सॉफ्टवेअर अर्ध्यावर अडकतंय ना तुमच्याकडे?"

"हां. कालपासून."

"बाबांचं मशीन आता पुरं देतच नाही काही. म्हणून काढते मी ती ओळ. एक फोन करायचा होता मला."

"दुःखाच्या घरात असल्या गोष्टीला फोन करू?" वंदनाबाई म्हणाल्या. "आणि विचारायचं काय त्यात? सरांनी लिवूनच ठेवलंय."

त्यांनी बोट दाखवलं त्या भिंतीवर 'पाणी अडवा, पाणी जिरवा'च्या खाली निळ्या ऑइलपेंटने तो पत्ता लिहिलेला होता. एकेक अक्षर वीतभर उंच. शून्याच्या पोटात तिरकी रेघ, म्हणजे कुणी त्याला ओ समजू नये. त्याखाली मराठीत: ओळ गेली तर अशीच लिहा. घाबरू नका.

कुणालीला हे माहीत नव्हतं. ती खिडकीपाशी गेली, परत आली. लॅपटॉप उघडून तिने अ‍ॅन्सिबल पुन्हा चालवलं. खोलीतल्या सगळ्या संगणकांतून जुना पत्ता गेला. तिने मान वर केली. भिंतीवर तो होताच.

"रंग आहे का थोडा?"

स्वयंपाकाच्या गीताबाई दारात येऊन उभ्या होत्या. त्या गेल्या आणि दोन डबे घेऊन आल्या. "खिडक्यांचा उरलाय. निळा हाय, पांढरा हाय. काय करतेस गो? बापाचं नाव पुसतेस?"

"नाव नाही, गीताबाई. पत्ता आहे तो."

"मग पत्ता तरी ऱ्हाऊ दे."

"राहू दिला तर बाई उद्या परत लिहितील. मग परीक्षा कशी होणार?"

"लिवीन खरी," वंदनाबाई म्हणाल्या. "हाताला सवय झालीय. मी नसले तर दुसरं कोणतरी लिवील. भिंतीवर हाय ना."

पांढऱ्या डब्याचं झाकण घट्ट बसलं होतं. कुणालीने ते पट्टीने उचकटलं. ब्रश बुडवून ती भिंतीपाशी गेली आणि पहिल्या अक्षराशी थांबली. रंगाचा एक थेंब कीबोर्डवर पडला. तिने तो ओढणीने पुसला, पुन्हा ब्रश वर केला, पुन्हा थांबली.

"मी पुसू का, ताई?" वंदनाबाईंनी विचारलं.

"नको."

तिने पांढऱ्याचं झाकण लावलं. ब्रश थिनरमध्ये खळखळून घेतला आणि निळा डबा उघडला. सरांच्या मजकुराखाली नवा पत्ता लिहिला. अक्षरं उतरत गेली, शेवटची तर टेबलाला टेकायला आली. मग ती खुर्चीवर चढली आणि वरच्या ओळीच्या आधी, मोकळ्या जागेत, तिने दोन उभ्या आणि दोन आडव्या रेघा मारल्या.

"फुलीगोळा मांडलास काय?" गीताबाई म्हणाल्या.

"ही हॅशची खूण. ओळीच्या आधी असली की मशीन ती ओळ सोडून पुढे जातं. वाचत नाही. कुणी चुकून खुणेसकट लिहिली तरी चालेल. आता खालचा पत्ता घ्यायचा."

वंदनाबाईंनी खालचा पत्ता बोट फिरवत वाचला, मग वरचा. "म्हंजे सरांची ओळ ऱ्हाणार, पण वाचायची नाय?"

"मशीनने नाही वाचायची."

कुणाली खुर्चीवरून उतरली नाही. तिची पाठ खोलीकडे होती. निळा रंग एका रेघेवरून खाली ओघळायला लागला, तो तिने बोटाने अडवला.

"माझं काय," गीताबाई डबे उचलत म्हणाल्या. "मला आधी पण वाचाया येत नव्हतं. मी नुसती येता-जाता बघायची."