नंबर शून्य

चष्म्याचा नंबर काढायची प्रात्यक्षिक परीक्षा होती आणि पेशंट ज्याचा त्याने आणायचा होता. भाचीने विचार करून आत्याला नेलं. आत्याचा नंबर एवढा दांडगा, की तो काढला म्हणजे मार्क खिशातच.

पण चष्मा काढलेल्या आत्याने समोरचा तक्ता शेवटच्या बारीक ओळीपर्यंत घडाघडा वाचला. गोंधळलेल्या भाचीने कागदावर लिहिलं, ‘नंबर शून्य’. परीक्षकांनी आत्याचा जाडजूड चष्मा उचलून पाहिला आणि मार्कही तेवढेच दिले.

चष्मा आतच विसरून बाहेर आलेली आत्या दाराजवळच्या कपाटाची पाठ थोपटत म्हणाली, “तुझ्या खोलीतला तक्ता आठवडाभर घोकला गं! म्हटलं, माझ्यामुळे पोरीची मान खाली जायला नको.”

अभ्यास आत्याने केला, नापास भाची झाली.