चौथ्या दिवशीची गाडी

"शिवू नकोस मला!"

पद्मजाचा पुढे झालेला हात तसाच राहिला. परसातल्या खोलीच्या दारात आनंदीबाई कांबळ्यावर बसल्या होत्या. शेजारी वेगळा तांब्या, वेगळी थाळी.

"आजच?" पद्मजा म्हणाली.

"मोगलाला विचारून येत नाही ते."

मोगल म्हणजे निजाम. त्याची फौज पुण्याच्या रोखाने निघाल्याची बातमी आली, आणि शनिवार पेठ रिकामी होऊ लागली. कुणी सिंहगड धरला, कुणी कोकण. पद्मजाचे वडील आणि नवरा दोघेही पेशव्यांच्या फौजेबरोबर होते, आणि ती फौज निजामाच्या मुलखात होती. बातमी ऐकली तेव्हा आनंदीबाई कुरडया घालत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "आपले तिकडे त्याचं जाळतायत, तो इकडे आपलं जाळायला येतोय. वाटेत भेटले असते तर दोघांचीही पायपीट वाचली असती."

पद्मजा वाईहून बाळंतपणासाठी आली होती. लग्नानंतर इतके दिवस माहेरी राहायची ही पहिलीच वेळ. आधीची दोन मुलं पोटातच गेली होती. हे तिसरं, आठवा महिना.

सकाळी शेजारचे आप्पासाहेब दारात येऊन गेले होते. "गाडीत देव आहेत, आमची मंडळी आहे, धान्य आहे. दोघींपैकी एकीलाच जागा होईल. उन्हं उतरली की निघायचं. कोण येणार ते ठरवा."

"आई जाईल," पद्मजा म्हणाली होती. "नाहीतर आम्ही दोघी इथेच राहू." आणि ती लोणच्याच्या कैऱ्या चिरायला बसली होती. आनंदीबाईंनी वाद घातला नाही. "फोडी जाड होतायत," एवढंच म्हणाल्या आणि परसात निघून गेल्या.

आता त्या कांबळ्यावर होत्या.

"संकटात कसलं सोवळं, आई? मी तुला हाताला धरून गाडीत बसवते. देव काही बोलायचे नाहीत."

"देव बोलत नाहीत म्हणूनच आपण पाळायचं. आप्पासाहेबांचे देव सोवळ्यात ठेवलेत गाडीत. त्यांच्या शेजारी मी बसू? तू जा. चौथ्या दिवशी न्हाले की समोरच्या श्रीनिवासभटांच्या गाडीनं येते मी, ते तेव्हाच निघणार आहेत."

"मग मीही चौथ्या दिवशीच येते."

"त्यांच्याकडेही एकच जागा आहे. आज तू गेली नाहीस तर ही जागा फुकट जाईल आणि तेव्हा आपण दोघी पुन्हा इथेच. हिशेब कळतो ना, का वाईला विसरून आलीस?"

पद्मजाला राग आला. तो आजचा नव्हता. लहानपणी ती तापाने फणफणली होती, आणि आई अशीच हातभर लांब बसून आत्याला सांगत होती, कपाळावर पट्टी ठेव, पाणी पाज. पद्मजा आईकडे हात पसरून रडत होती. आई जागची हलली नव्हती. कावळा शिवलाय, असं आत्या म्हणाली होती. त्या कावळ्याचा पद्मजाने कितीतरी वर्षं मनापासून द्वेष केला होता.

"तुला माणसांपेक्षा सोवळंच प्यारं," ती म्हणाली.

"बरं. मग आता निघ." आनंदीबाईंनी तिच्या पोटाकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. "कुरडया अजून ओल्या आहेत, त्या राहू देत. मोगल वाळवेल."

पद्मजाने लांबूनच हात जोडले. वाकवत नव्हतं; वाकावंसं वाटलंही नाही.

गाडीत आप्पासाहेबांच्या पत्नी, वासंतीकाकू, धान्याच्या पोत्याला टेकून बसल्या होत्या. "आनंदी येत नाही का?" त्यांनी विचारलं. बैल आप्पासाहेबच हाकत होते. पुरुषमाणसांसमोर असलं कारण कसं सांगायचं? "मागून येतेय," पद्मजा म्हणाली. घर राखायला थांबली असेल, असं काकूंना वाटलं. पुढे सिंहगडावर जागा मिळवण्याच्या आणि पाणी भरण्याच्या धांदलीत तो विषय राहूनच गेला.

चौथ्या दिवशी सकाळी पुण्याच्या बाजूला धूर दिसू लागला. माणसं तटाशी गोळा झाली. ती कसबा, ती शुक्रवार, असं कुणी बोटाने दाखवू लागलं. "धुराला पेठ नसते," एक म्हातारे म्हणाले, आणि दाखवणारी बोटं खाली आली.

पद्मजा दरवाज्याच्या पायरीवर बसून खालच्या वाटेकडे बघत होती. पायथ्याशी गाड्या येत होत्या. चढून वर येणाऱ्या प्रत्येक बाईच्या चेहऱ्याकडे ती पाहत होती. वासंतीकाकू तिच्यासाठी पेज घेऊन आल्या.

"सकाळपासून पोटात काही नाही तुझ्या. कुणाची वाट बघतेस एवढी?"

"आईची. आज चौथा दिवस. पहाटेच न्हाऊन निघाली असेल ती." जवळपास पुरुष नव्हते, म्हणून पद्मजाने पुढचंही सांगितलं. "ती बाहेर बसली होती ना, काकू. तुमच्या गाडीत देव होते. नाहीतर मीच तिला आधी बसवली असती."

"बाहेर बसली होती? आनंदी?"

पद्मजाने मान हलवली.

वासंतीकाकूंनी पेजेचं भांडं बाजूला ठेवलं आणि तिच्या शेजारी बसून तिचा हात हातात घेतला.

"अगं, गेल्या भाद्रपदात आम्ही दोघींनी मिळून ऋषिपंचमीचं उद्यापन केलं. विटाळ कायमचा गेल्याशिवाय करतं का कुणी ते?"