पितळी टोकाची तार

सुंदराबाईने राजारामच्या खिशात हात घातला आणि निघाली ती एक लाल तार. तिच्या दोन्ही टोकांना पितळ.

"बघा," सुंदराबाई म्हणाली. घोडपदेवची अख्खी चाळ गॅलरीत जमली होती. सगळ्यांनी बघितलं.

संयुक्त महाराष्ट्राची पोस्टरं चिकटवताना तिचा मुलगा पकडला गेला, तेव्हापासून चाळ खबऱ्या शोधत होती. राजाराम सापडायला सोपा होता. चाळिशीचा हा विणकर हल्ली पाळी सुटली की इस्त्रीचा शर्ट घालून फोर्टात जायचा. कशाला, ते बायकोलाही सांगायचा नाही. आता ही तार थेट पोलीसचौकीत जाते, असं दोघातिघांनी तिथल्या तिथे ठरवूनही टाकलं.

चाळीने त्याचा तंबाखू बंद केला होता. गिरणगावात माणसाला वाळीत टाकायला तेवढं पुरतं. कुणी त्याच्यापुढे चंची धरत नव्हतं, त्याची कुणी घेत नव्हतं. फक्त रामजीभाऊ धरायचे. ते त्याच्याच गिरणीत पगार कारकून. हजेऱ्या मांडून कामगारांचे पगार काढण्यात त्यांचे केस पिकले होते. राजारामला मॅट्रिकचं गणित त्यांनीच शिकवलं होतं. तो असलं काही करायचा नाही, असं ते सगळ्यांना ठणकावून सांगत. आताही तेच पुढे झाले.

"सांगून टाक रे. नाहीतर उद्या तुझ्या बायकोला नळावर कुणी उभं करायचं नाही."

राजारामने सांगितलं. कापसाच्या धुळीने त्याची छाती धरली होती, त्याला साचा, विणायचा माग, सोडायचा होता. फोर्टातल्या एका ऑफिसात मशीन होतं. भोकं पाडलेली कार्डं घातली की ते हिशेब करायचं. कुठल्या भोकाचं काय करायचं, ते अशा तारा फळीवर जोडून त्याला आधी सांगून ठेवावं लागे. तार हलवली की मशीन दुसराच हिशेब करी. त्या तारा जोडायला तो शिकत होता. या वयात डोक्यात शिरत नव्हतं, म्हणून एक तार हातात खेळवायला घरी आणली होती.

चाळ हसली. सुंदराबाई ओशाळली. तिने तार पदराने पुसून त्याच्या हातात दिली. राजारामच्या बायकोला रडू आवरेना. रामजीभाऊंना तर आपलाच मुलगा पास झाल्यासारखं वाटलं. त्यांनी चंची उलगडून त्याच्यापुढे धरली आणि एवढं लपवायला त्यात होतं काय, कसला हिशेब करतं ते मशीन, असं हसत विचारलं.

राजारामने तंबाखूला हात लावला नाही.

"गिरणीच्या मॅनेजरने बजावलं होतं, कुणाला बोलू नकोस म्हणून," तो म्हणाला. "हजेरीचा करतं, भाऊ. आणि पगाराचा. दिवाळीनंतर आपल्या गिरणीत येतंय."

रामजीभाऊ त्या तारेकडे बघत राहिले. मग त्यांनी चंची गुंडाळली.

"खबऱ्या असतास तर मी तुला वाचवलं असतं रे," ते म्हणाले.