बांधावरची बाभळ

लासुर्ण्याच्या संभाजीआबांच्या बांधावर एक जुनी बाभळ होती. तिच्या सावलीनं शेजारच्या रंगनाथतात्यांचा ऊस खुरटायचा. तीस वर्षं तात्या "ती बाभळ तोडा" म्हणून मागं लागले, पण आबांचं एकच उत्तर, "तात्या, तुमच्या सरणाला राखलीया ती!"

परवा पहाटे तात्या गेले. आबांनी मिशीला पीळ देत बाभळ बुडातून पाडली, ट्रॉली भरून स्मशानात नेली आणि सरणही स्वतःच्या हातानं रचलं. दुपार टळली तरी तिरडी येईना. शेवटी तात्यांचा थोरला लेक एकटाच आला.

"आबा, तात्यांनी देहदान केलंया. दवाखान्याची गाडी सकाळीच त्यास्नी बारामतीला घेऊन गेली."

"मग मला आधी का न्हाय सांगितलं रं?"


"तात्याच बजावून गेल्यात, बाभळ आडवी होईस्तोवर आबाला कळू द्यायचं न्हाय."