एका ओळीचं काम

आशुतोषला माउस धरायचाही कमीपणा वाटे. लॅपटॉपच्या काळ्या पडद्यावर कमांडची एक ओळ बडवायची आणि आईकडे मान वर करून न बघता म्हणायचं, "झालं." कुरिअरवाला तरी तोंडाकडे बघून बोलतो, असं जयमालाबाईंना दर वेळी वाटायचं.

नवऱ्याचा हसरा फोटो उभ्या जन्मात एकच निघाला होता, तोही भाचीच्या लग्नात, मोबाइलवर, आणि आता तो लेकाच्या लॅपटॉपमध्येच काय तो उरला होता. वर्षश्राद्धाला मोठा करून लावायचा म्हणून त्यांनी तो वाशीच्या स्टुडिओत दिला, तर छापून आले नुसते चौकोन. नाक कुठलं नि मिशी कुठली, पत्ता लागेना. तो कागद त्यांनी तडक घरी आणून लेकाच्या कीबोर्डवर आपटला.

"अगं, मीच फॉरमॅट बदलला," तो म्हणाला. "सगळ्यांचे जेपीजी केले, साइज कमी केली. चारशे फोटो, एका कमांडमध्ये! लॅपटॉपमध्ये जागाच नव्हती."

"मग मूळचा दे."

"मूळचे डिलीट झाले ना. कमांडमध्येच टाकलं होतं तसं. पण टेन्शन नको घेऊ, एक ॲप आहे. चेहरा नवा बनवून देतं."

"नवा बाप बनवतोस?" जयमालाबाईंचा आवाज खालच्या मजल्यापर्यंत गेला. "चौथीत शाळा सुटली माझी. तीस वर्षं लोकांचे ब्लाउज शिवले, किती बिघडवले. पण मापाला दिलेल्या ब्लाउजला कधी कात्री लावली नाही. आणि तू एवढा इंजिनिअर, मापाचा बापच कापलास!"